अण्णा आणि अकरा महिन्यांचे वेध

त्या मंगळवारी सकाळी अण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि घराच्या व्हरांड्यात टांगलेल्या चुंबकाच्या सुईजवळ धरला. सुई फिरली. अण्णांनी चष्मा मेजावर ठेवला आणि वेधाच्या खोलीकडे न जाता ते घरात आले. त्यानंतर ते त्या खोलीत गेले नाहीत.

अण्णा म्हणजे माझे वडील. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, रेवसच्या दक्षिणेला, सुरूच्या बनामागे एक वेधशाळा होती. तिथे ते बावीस वर्षे निरीक्षक होते. वेधशाळा म्हटले की लोकांना दुर्बीण आणि तारे आठवतात. पाहुणे आले की रात्री गुरू-शनी दाखवा म्हणून अण्णांच्या मागे लागत. अण्णा म्हणत, "आमच्याकडे वर बघायचं काम नाही. पृथ्वी स्वतः एक चुंबक आहे. तिचा जोर किती आहे, आणि तो कधी कमीजास्त होतो, तेवढंच आम्ही बघतो." पाहुण्यांचे तोंड उतरे. अण्णांना त्याचे काही वाटत नसे.

बनाच्या आत दोन खोल्या होत्या. एक अंधारी. तिच्या भिंती दुहेरी, खिडकी नाही. आत एक इवलेसे चुंबक तंतूला टांगलेले, त्याला नखाएवढा आरसा चिकटवलेला. दिव्याचा कवडसा त्या आरशावरून परतून सावकाश फिरणाऱ्या फोटोच्या कागदावर पडे. चुंबक केसभर हलले तरी कवडसा हले आणि कागदावर रेघ वर-खाली होई. रोज सकाळी अण्णा कागद बदलत, जुना धुऊन वाळवत. पण ती रेघ फक्त चढउतार सांगे. मला अण्णांनी ते लहानपणी धक्क्यावर नेऊन समजावले होते. "भरतीला पाणी किती चढलं हे खांबावरच्या ओल्या खुणेवरून कळतं. पण खाली पाणी एकंदर किती आहे? त्याला काठीच टाकून बघायला हवी." ती काठी टाकण्याची जागा म्हणजे दुसरी, वेधाची खोली. दर मंगळवारी तिथे अण्णा एका यंत्राच्या नळीला डोळा लावून तास दीड तास बसत आणि पृथ्वीचा जोर हाताने मोजत. त्या एका आकड्यावर पुढच्या आठवड्याची सगळी रेघ उभी असे.

या दोन्ही खोल्यांत लोखंड नव्हते. खिळे तांब्याचे, बिजागऱ्या पितळेच्या, कुलूपसुद्धा पितळेचे. आणि लोखंड आत जाऊ नये हाच अण्णांचा धर्म होता. फाटकाशी आलेल्या माणसाला ते 'या, बसा' म्हणत नसत. "लोखंड आहे?" हा त्यांचा पहिला शब्द. माणूस नाही म्हणाला की, "तुम्ही नका सांगू, खिसे सांगतील." मग चाव्या, चाकू, छत्री, अडकित्ता, सगळे फाटकावरच्या लाकडी पेटीत पडे. एकदा मामलेदार आले. त्यांच्या बुटांच्या टाचांना नाल होते. अण्णांनी त्यांना हात जोडून बूट काढायला लावले आणि मामलेदार रेतीतून अनवाणी, एकेक पाऊल उचलत, खोलीपर्यंत गेले. मागून पहारेकरी हिरू मला हळूच म्हणाला, "ताई, साहेबाचं पाय किती गोरं हाय बगा. कवा जमिनीला लागलंच न्हाय."

हिरू आगरी. त्याचा कोयता कमरेला जन्मल्यापासून असावा असा होता, पण कामावर येताना तो फाटकाबाहेरच्या सुरूला टांगून येई. आईला मात्र अण्णांचा हा सोवळेपणा पटला नव्हता. आमचे राहते घर खोल्यांपासून चांगले लांब, तिथे लोखंडाला मनाई नव्हती. तरी आई तवा घासताना मुद्दाम मोठ्याने विचारी, "भाकरी करू ना हो? की तुमची पृथ्वी हलेल?" अण्णा वहीतून डोके न काढता म्हणत, "कर, पण माझी जरा पातळ थाप. कालच्या जाड भाकरीनं पृथ्वी नाही, मीच हललो."

व्हरांड्यातली सुई म्हणजे त्या सगळ्याचे फाटक. काचेच्या हंडीत रेशमाच्या धाग्याला टांगलेली चुंबकाची सुई. खोलीत जाणारी प्रत्येक नवी वस्तू, मग ती दिव्याची वात सरकवायची किल्ली असो की शर्टाची गुंडी, आधी सुईला दाखवायची. सुई स्थिर राहिली तर ती वस्तू वहीत लिहायची आणि पुढे 'तपासली' असा शेरा मारायचा. एकदा शेरा पडला की ती वस्तू पुन्हा कोणी दाखवत नसे. पण समुद्रावरचा वारा हंडीतही शिरे. सुई शांत व्हायलाच दहा-दहा मिनिटे लागत, मग वस्तू जवळ न्यायची, मग परत वाट बघायची. लहानपणी मला हा खेळ वाटे. मोठेपणी कंटाळा येऊ लागला.

मॅट्रिक झाल्यावर मी गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. संध्याकाळी अण्णांच्या बेरजा-वजाबाक्या पडताळायचे काम माझ्याकडे आले. अण्णांची नजर तोवर कमी होत चालली होती. मुंबईहून त्यांनी पितळेच्या तारेचा चष्मा करवून आणला होता. तो आणायला स्वतः गेले, बोटीतून येताना खिशात न ठेवता हातात धरून आले. बेरजेत माझी चूक निघाली तर ते रागावत नसत. पेन्सिल पुढे करून म्हणत, "परत कर. हा आकडा आपला नव्हे, पुढच्या माणसाचा आहे."

हा पुढचा माणूस कोण, ते मला एका उन्हाळ्यात कळले. त्या दिवशी सकाळी गावचे तारमास्तर टोपी हातात घेऊन धावत आले. "अण्णा, यंत्र आपोआप खडखडतंय. कोणी पाठवत नाही आणि खडखडतंय!" अण्णांनी त्यांना बसवले, आत गेले आणि कागद धुऊन बाहेर आले. रोजची शांत रेघ त्या कागदावर कुठेच नव्हती. ती उड्या मारत कागदाच्या कडेबाहेर गेली होती आणि खूप वेळाने दुसऱ्या बाजूने परत आली होती. ओला कागद दोन्ही हातांनी उंच धरून अण्णा म्हणाले, "सुमे, हे इथलं नव्हे. सूर्याकडून आलंय. आत्ता जावा बेटावर कोणी तरी असाच कागद धुतोय. रशियात, अमेरिकेत, इंग्लंडात. सगळ्यांची रेघ एकाच मिनिटाला उडाली असेल." मग म्हणाले, "ती आपली माणसं." मुंबईपलीकडे कधी न गेलेल्या माझ्या वडिलांची अशी जगभर माणसे होती. त्यांची नावेही त्यांना माहीत नव्हती.

म्हणून ते वर्ष आले तेव्हा घरात सण असल्यासारखे झाले. जगभरच्या वेधशाळांनी एका वर्षी एकाच वेळी वेध घ्यायचे ठरवले होते. ध्रुवाजवळच्या बर्फातसुद्धा त्यासाठी नवी ठाणी उभारली होती. त्याचे पत्रक आले. अण्णांनी ते आईला, मला, हिरूला आणि सहायक कासमभाईंना ओळीने बसवून वाचून दाखवले, इंग्रजी वाक्य आधी आणि मराठी अर्थ मागून. देवाधर्माचे फारसे न करणारा माणूस आईला म्हणाला, "तू पालीला जाऊन ये. बल्लाळेश्वराला सांग, हे एक वर्ष हात थरथरू देऊ नको." आई गेली आणि नारळ देऊन आली.

वर्ष सुरू होऊन महिना झाला असेल. एका सोमवारी दुपारी अण्णांच्या चष्म्याच्या बिजागरीतली कडी तुटली. दुसऱ्या दिवशी मंगळवार. चष्म्याशिवाय त्यांना यंत्रावरच्या बारीक रेषा दिसत नव्हत्या. मी चष्मा घेऊन बाजारात घड्याळजीकडे गेले. त्याने डबीतून एक चिमुकली कडी काढून बसवली. मी विचारले, "पितळेची ना?" तो म्हणाला, "पिवळी दिसत नाही का ताई? पितळच ती."

घरी आले तेव्हा अण्णा व्हरांड्याच्या पायरीवर हात पुढे करून बसले होते. बाहेर वारा होता. हंडीतली सुई गोल गोल फिरत होती. मला वाचनालयातून आणलेली एक कादंबरी दुसऱ्या दिवशी परत करायची होती आणि तिची दोन प्रकरणे उरली होती. मी हंडीपाशी जाऊन, थोडी थांबून, तशीच परत आले आणि चष्मा त्यांच्या हातात दिला.

"कडी सुईला दाखवलीस?"

"हो."

अण्णांनी चष्मा घातला, वही ओढली आणि लिहिले: चष्मा, नवी कडी, तपासला.

ती दोन प्रकरणे मी त्या संध्याकाळी वाचून संपवली. त्यांत काय होते ते आज मला आठवत नाही.

पुढचे अकरा महिने अण्णांनी एकही मंगळवार चुकवला नाही. मग त्यांना ताप आला आणि दोन मंगळवारचे वेध कासमभाईंनी घेतले. कासमभाई आगरदांड्याचे. शांत, मोजके बोलणारे, अण्णांनी स्वतः शिकवलेले. त्यांचे आकडे मी पडताळायला घेतले, तर ते अण्णांच्या आकड्यांशी जुळेनात. फरक मोठा नव्हता, पण दोन्ही वेळा एकाच बाजूचा होता. मी अण्णांना दाखवले. त्यांनी अंथरुणातून उठून बसत कासमभाईंना बोलावले आणि कधी नव्हे ते ओरडले. "एवढ्या वर्षांत नळीला डोळा लावायला नाही आलं तुम्हाला?"

कासमभाई मान खाली घालून म्हणाले, "माझंच चुकलं असेल, अण्णा. मी पुन्हा घेतो."

त्यांनी पुन्हा घेतले. आकडा तोच आला. बरे वाटल्यावर अण्णांनी स्वतः घेतले. जुना आकडा परत आला. तेव्हा शोध सुरू झाला. कासमभाईंच्या अंगरख्याच्या गुंड्या तपासल्या. खोलीच्या पायाची रेती चाळली. कौलांखालचा एकेक खिळा सुईला दाखवला. हिरूने पायऱ्यांचे दगड उचलून परत बसवले. आठ-दहा दिवस हेच चालले होते. मी शाळेतून आले की बघत असे. मला ठाऊक होते असे मी म्हणणार नाही. मला ठाऊक करून घ्यायचे नव्हते.

त्या मंगळवारी सकाळी मी शाळेला निघाले होते. हिरू घाम पुसत व्हरांड्याशी उकिडवा बसला आणि हसत म्हणाला, "समदं बगून झालं अण्णा. आता तुमीच तेवढं ऱ्हायलाव."

कासमभाईही हसले. अण्णाही हसले. मग त्यांचा हात सावकाश कानाकडे गेला.

चष्मा जवळ नेताच सुई फिरली. अण्णांनी वही उघडली. चष्म्याशिवाय ओळ सापडेना, तेव्हा कासमभाईंनी बोट ठेवून दाखवली. 'तपासला' या शब्दावर अण्णांनी एक रेघ मारली आणि वर लिहिले: मी तपासला नाही. खाली सही केली. मग कासमभाईंना, हिरूच्या देखत, हात जोडून म्हणाले, "तुमचं बरोबर होतं. मी तुम्हाला बोललो, ते मागे घेतो." कासमभाईंनी ते हात आपल्या हातांत धरले. "अण्णा, या खुदा, असं नका करू." त्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होते.

मी तिथेच उभी होते. अण्णांनी माझ्याकडे बघितले नाही.

आईला कळले तेव्हा ती पदर खोचून घड्याळजीकडे भांडायला निघाली. अण्णांनी तिला उंबऱ्यात अडवले. "वर पिवळा मुलामा, आत लोखंड. त्याला पिवळं दिसलं, तो पितळ म्हणाला. त्याचं काम घड्याळ चालवायचं. सुई त्याच्याकडे नव्हती."

"मग होती कोणाकडे?" आईने विचारले.

"माझ्याकडे," अण्णा म्हणाले.

मुंबईहून साहेब आले. भला माणूस होता. त्याने चष्मा नळीपाशी धरून फरक मोजला आणि म्हणाला, एवढा आकडा सगळ्या वेधांतून वजा करा, वर्ष वाचेल. मी आतल्या दाराशी उभी राहून ऐकत होते. आयुष्यात देवाकडे काही मागितले असेल तर त्या क्षणी, अण्णांनी हो म्हणावे एवढेच.

अण्णा म्हणाले, "साहेब, माझं डोकं दर मंगळवारी त्याच जागी होतं असं मी कसं सांगू? कधी मी पुढे वाकलो असेन, कधी मान तिरकी केली असेल. लोखंड माझ्याबरोबर हलत होतं. वजा काय करायचं?"

साहेब म्हणाला, "थोडी चूक राहील. कोणाला कळणार आहे?"

"तिकडे बर्फात बसून ज्यानं वर्ष काढलं, तो आपला आकडा माझ्या आकड्याशेजारी ठेवणार. त्याला नाही कळणार. म्हणूनच नको."

अकरा महिन्यांचे वेध रद्द झाले. कागदांवरच्या रेघा राहिल्या. भरतीच्या ओल्या खुणा राहिल्या, पाण्याचा ठाव गेला. अण्णांनी निवृत्तीची मुदत यायच्या आधीच अर्ज केला आणि आम्ही गावात देवळामागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. न्हाव्याच्या दुकानात काही दिवस चेष्टा चालली: जन्मभर लोकांचे खिसे तपासले, आणि लोखंड बसलं होतं नाकावर. अण्णांच्या कानावर ती गेली. ते एवढेच म्हणाले, "खरं आहे ते." नवा चष्मा त्यांनी करवला नाही. वर्तमानपत्र मी वाचून दाखवत असे. फिरायला जाताना ते सुरूच्या बनाची वाट टाळत आणि बंदराकडे जात.

मी सांगायला हवे होते. रोज सकाळी ठरवीत असे आणि रोज संध्याकाळ होत असे. शेवटी एका रविवारी दुपारी आई कीर्तनाला गेली होती, अण्णा खाटेवर बसून सुपारी चघळत होते. मी जमिनीवर त्यांच्या पायाशी बसले.

"अण्णा, त्या सोमवारी मी चष्मा आणला ना..."

"सुमे, थांब."

"नाही, ऐका. मी तेव्हा..."

"तू ते बोललीस तर मला ते लिहून कळवावं लागेल." त्यांनी हात उचलला, माझ्या डोक्यावर ठेवायला गेले, अंदाज चुकला आणि तो माझ्या खांद्यावर पडला. त्यांनी तो तिथेच राहू दिला. "मी लिहिलंय ते खरं आहे. मी तपासला नाही. निरीक्षक मी होतो. त्यापुढचं मला माहीत नाही, आणि मला माहीत व्हायला नको."

मी रडले. ते म्हणाले, "पाणी आण जरा." मी आणले. त्यांनी अर्धे प्यायले आणि उरलेले मला दिले.

जन्मभर ज्या माणसाने दिसले ते लिहिले, त्याने एक गोष्ट न बघायचे ठरवले होते. ती माझ्यासाठी. याचे उपकार मानावे की याखाली दबून जावे, हे मला अजून कळलेले नाही. त्यांना माहीत होते. त्यांनी मला कधी विचारलेच नाही, यावरूनच मला कळले की त्यांना सुई फिरली त्या दिवसापासून माहीत होते.

पुढच्या मार्गशीर्षात अण्णा गेले. दोन दिवस छातीत दुखत होते, तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. कासमभाई आगरदांड्याहून आले आणि तिरडीच्या मागून शेवटपर्यंत चालले. हिरू कोयता घरी ठेवून आला होता. कोणी सांगितले नव्हते.

आईला मी अजून सांगितलेले नाही. तिचा राग त्या घड्याळजीवरच आहे. ती त्याच्या दुकानापुढून जात नाही, आणि मी तिला तसे करू देते. वेधशाळेत आता कासमभाई निरीक्षक आहेत.

त्या वर्षाच्या वेधांचे पुस्तक छापून आले, त्याची एक प्रत कासमभाईंनी मला आणून दिली. त्यात अकरा महिन्यांच्या रकान्यांत आकडे नाहीत, आडव्या रेघा आहेत. पानाखाली टीप आहे: निरीक्षकाच्या चुकीमुळे वेध रद्द. पुढे अण्णांचे नाव आहे.